नवलशेठच्या टाकीचं झाकण

मी थापा मारतो. भडगावात कोणालाही विचारा, लपवून ठेवावी अशी ही गोष्ट नाही. पण माझ्या थापेला शिस्त आहे. थाप सुरू करायच्या आधी मी डाव्या मिशीला पीळ देतो. हात मिशीकडे गेला की पारावरची मंडळी सरसावून बसतात. हात मांडीवर राहिला तर त्यांना कळतं की झिपरू आबा आज खरं सांगणार, आणि एकेक जण उठून घरी जातो. आजवर माझ्या थापेनं एक माणूस फसलेला नाही.

फ्लेक्सचं तसं नसतं. फ्लेक्सला मिशी नसते.

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बैलबाजाराच्या मैदानावर जो फ्लेक्स लागला तो माझ्या घराहून उंच होता. वर लिहिलं होतं, ‘जुन्या मोटारसायकलींची भव्य शर्यत’. मधोमध जावा गाडीवर बसलेले स्वर्गीय नवलशेठ, डोळ्यांवर गॉगल, एकेक काच परातीएवढी. आणि खाली लाल अक्षरांत, ‘गिरणा शर्यतीचे अखेरचे विजेते’. त्याखाली त्यांचे चिरंजीव, धुळ्याचे प्रेमराजभाऊ, हात जोडून उभे. जोडलेल्या हातांत पाच अंगठ्या.

मी ते वाचलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या शेवटच्या शर्यतीत पहिला आला होता अमीन मिस्तरी. नवलशेठ दुसरे. मला कसं माहीत? मी त्याच शर्यतीत शेवटचा आलो होतो. पुढच्याला फक्त वाट दिसते. शेवटच्याला सगळ्यांच्या पाठी दिसतात, कोणती पाठ कोणाच्या पुढे आहे तेही दिसतं.

आजकालच्या पोरांना सांगावं लागतं की गिरणा नदीत एके काळी वाळू होती. आता पात्रात खड्डे आहेत आणि काठावर डंपर. आमच्या वेळी आखाजीला बाया झोक्यावर, पुरुष पत्त्यांवर आणि ज्याच्याकडे दोन चाकं नि थोडं पेट्रोल असेल तो नदीत. राजदूत, जावा, येझदी. एखादा बुलेटवाला यायचा, पण ती वाळूत म्हशीसारखी बसायची आणि मग तिला उठवायला बैल आणावे लागायचे. मडगार्ड काढायचे, दिवा काढायचा, सायलेन्सर काढायचा आणि पुलापासून मसणवट्याच्या वळणापर्यंत जाऊन परत यायचं. अमीन ब्रेक लावतच नसे. म्हणायचा, “वाळू खुदच ब्रेक आहे, तिच्यावर दुसरा कशाला?” त्याची गाडी अर्धी येझदी आणि उरलेली अर्धी कोणाकोणाची. पण वाळूवरून ती अशी जायची, जशी ताटातून भाकरी सरकते.

कप नव्हता, बक्षीस नव्हतं. रिवाज होता. जो हरला त्यानं आपल्या गाडीच्या टाकीचं झाकण काढायचं आणि जिंकलेल्याच्या रुमालावर नेऊन ठेवायचं. मग टाकीच्या तोंडात चिंधी कोंबून घरी जायचं. वर्षभर तो गावात चिंधीवाला. सासुरवाडीला गेला तरी चिंधी, लग्नाला गेला तरी चिंधी. दुकानातून नवं झाकण आणायला कोणी मना केलं नव्हतं, पण तसं करणाऱ्याच्या पंगतीला कोणी बसलं नसतं. झाकण परत मिळवायचं तर पुढच्या आखाजीला, वाळूत, जिंकून. ज्याचं त्यालाच परत जावं म्हणून अमीन प्रत्येक झाकणाच्या आत छिन्नीनं गाडीचा नंबर ठोकून ठेवायचा. आणि जिंकलेली झाकणं तारेत ओवून गॅरेजच्या दाराला तोरण लावायचा. वारा सुटला की ते वाजायचं. आम्ही हरलेले त्या रस्त्यानं जातच नव्हतो.

त्या शेवटच्या वर्षी नवलशेठनं आपलं झाकण स्वतःच्या हातानं रुमालावर ठेवलं. हसत ठेवलं, हे मी सांगणार. माणूस दिलदार होता. त्यांनी हा फ्लेक्स पाहिला असता तर त्यांनीच तो फाडला असता. पुढल्या आखाजीला धरणाचं पाणी सुटलं, त्याच्या पुढल्या सालापासून वाळू जायला लागली, आणि शर्यत संपली. झाकणं अमीनकडेच राहिली. अमीन गेल्यावर त्याच्या बायकोनं, सुगराबी भाभीनं, तोरण घरात नेलं. माझ्या राजदूतचं झाकण तिच्या मिठाच्या बरणीवर आहे. नवलशेठच्या जावाच्या झाकणाला खाली ऑइल मोजायची छोटी वाटी असते, त्या वाटीनं ती फोडणीचं तेल मोजते.

तर आखाजीचा दिवस. मैदानात चुना मारून वाट आखलेली. मांडवात गाड्या ओळीनं उभ्या, नव्या नवरीसारख्या चकचकीत. बहुतेक गाड्या टेम्पोत बसून आल्या होत्या. पुण्याहून एक परीक्षक आणलेला. तो कलिंगड वाजवून बघावं तशी प्रत्येक टाकी वाजवत होता. प्रेमराजभाऊंच्या जावाला त्यानं पैकीच्या पैकी गुण दिले, सगळी गाडी ओरिजिनल म्हणून. शेजारी अमीनची गाडी होती. अमीनची नात नौशीन जळगावला कॉलेजात शिकवते, तिनं ती आणली होती आणि स्वतः चालवत आणली होती. तिला परीक्षकानं सगळ्यांत कमी गुण दिले. म्हणाला, “यात मूळचं काहीच नाही.”

“मूळचा रस्ता आहे ना,” नौशीन म्हणाली. “जळगावहून आली ती.”

परीक्षकानं ते ऐकलं नाही असं दाखवलं. ज्या गाडीला पळताना कोणी पाहिलं नाही ती ओरिजिनल, आणि जी पळत आली ती भेसळ. शर्यतीत गाडी पळवतात की आरतीला ठेवतात?

सुगराबी भाभी फ्लेक्ससमोर उभी होती. मला पाहून म्हणाली, “झिपरूभाऊ, यावर काय लिहिलंय? नौशीनला दोनदा विचारलं. ती ऊन फार आहे म्हणते.”

मी वाचून दाखवलं. गाळून वाचावं असं मनात आलं होतं, पण त्या बाईपुढे मला जमलं नाही.

भाभीनं डोक्यावरचा पदर नीट केला. मग म्हणाली, “त्या दिवशी मियाँ नदीवरून आले ते झाकणं रुमालात बांधून. मी चुलीपाशी. माझ्या पुढ्यात गाठ सोडली आणि म्हणाले, घे, भडगावची सगळी इज्जत तुझ्या घरात. आयुष्यभर लोकांच्या गाड्यांखाली झोपले ते. वर तोंड करून उभे राहायचे तो वर्षातला एकच दिवस. तोपण हे घेणार?” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “मला कप नको, झिपरूभाऊ. तिथे नाव त्यांचं पाहिजे. तुम्ही होता ना तिथे. सांगा ना.”

मी सरळ व्यासपीठावर गेलो. दोन्ही हात पाठीमागे बांधले, म्हणजे मिशीकडे जायची शंकाच नको.

“या आबा, या,” प्रेमराजभाऊ म्हणाले. “शाल आणा रे आबांसाठी.”

“शाल राहू द्या. फ्लेक्सवर चूक आहे. ती शर्यत अमीन मिस्तरी जिंकला. हा भिकन नाना इथेच बसलाय, तोही होता शर्यतीत. विचारा त्याला.”

भिकन नाना पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसला होता. नुकताच त्याचा ‘ज्येष्ठ स्पर्धक’ म्हणून सत्कार झालेला. वैशाखाचं ऊन, अंगावर लोकरीची शाल, आणि हा घामानं निथळतोय, पण शाल काही काढत नाही. मी म्हटलं, “भिकन, सांग.” तो आभाळाकडे बघायला लागला. आभाळात घारसुद्धा नव्हती. त्याच्या पलीकडे आणखी दोघंतिघं तसेच, शाली पांघरून आभाळ बघणारे. आयुष्यभर ज्यांच्या टाकीत चिंधी होती, त्यांच्या आता तोंडात शाल.

प्रेमराजभाऊंनी माइक हातात घेतला. आवाज तुपातला. “मंडळी, हे आपले झिपरू आबा. हेच ना ते, जे पाचोऱ्याहून भडगावपर्यंत राजदूत उलटी चालवत आले होते? तोंड पाचोऱ्याकडे आणि गाडी भडगावकडे?”

मैदान हसलं. माझ्याच गोष्टीनं मला मारलं, हे त्याहून लागलं. ती गोष्ट अर्धी खरी आहे. दोन स्ट्रोकचं जुनं इंजिन घाबरत घाबरत अर्धी किक मारून उठवलं, तर कधी कधी ते उलटं फिरायला लागतं. मग पहिला गिअर टाका की गाडी मागे जाते. माझी एकदा गेली होती, अमीनच्या गॅरेजच्या भिंतीपर्यंत. अमीननं मला कान धरून शिकवलं होतं, “किक पूर्ण मार, आणि चालू झाल्यावर आधी आवाज ऐक. उलटं इंजिन खोकतं.” पाचोरा मी नंतर जोडलं, आणि जोडताना मिशीला पीळ देऊन जोडलं. पण लोकांनी भिंतही खोटी धरली आणि पाचोराही.

मी खाली आलो तेव्हा भाभी नौशीनला म्हणाली, “घरी जा. शेगडीजवळ तेलाच्या बाटलीशी वाटी आहे, ती घेऊन ये.”

नौशीन गाडीवर गेली आणि गाडीवरच आली. झाकण तेलकट होतं. तिनं ते ओढणीला पुसून परीक्षकाच्या हातात दिलं. परीक्षकानं आत पाहिलं, जावाची नंबरप्लेट पाहिली, पुन्हा आत पाहिलं. मग जावाच्या टाकीवरचं चकचकीत झाकण काढून हे बसवलं. अर्ध्या फेऱ्यात ते असं बसलं, जणू सकाळीच काढलं होतं.

“प्रेमराजभाऊ,” तो म्हणाला, “तुमचं मूळ झाकण हे आहे. टाकीवर होतं ते नवं. हे यांच्याकडे कसं?”

मी मनाशी म्हटलं, आता प्रेमराजभाऊ गप्प बसतील. माणूस ओळखायला मी म्हातारपणीही चुकतो. प्रेमराजभाऊ जरासुद्धा गडबडले नाहीत. उसासा टाकून माइकवरच म्हणाले, “बाबांची गाडी मिस्तरींकडे दुरुस्तीला जायची. गॅरेजमध्ये वस्तू राहून जातात. कधी राहतात, कधी ठेवून घेतात. आम्ही कधी तक्रार केली नाही. बाबांचं मन मोठं होतं. मिळालं, आनंद आहे. आजींना एक साडी द्या.”

ज्या माणसानं दुसऱ्याच्या गाडीतला एक नटसुद्धा खिशात विसरून घरी नेला नाही, त्याला त्याच्या बायकोसमोर चोर म्हटलं. आणि वर साडी. मी ओरडलो, “मग माझंही झाकण चोरलं असेल त्यानं. मिठाच्या बरणीवर आहे, जाऊन बघा.” लोक पुन्हा हसले. माझं खोटं ऐकायला यांना रात्र पुरत नाही, आणि खऱ्याला दोन मिनिटं नाहीत.

भाभी मात्र चालत पुढे गेली. तिला माइक लागला नाही, कारण ती बोलायला लागली तसं मैदान आपोआप गप्प झालं.

“प्रेमराजभाऊ, झाकण तुमच्याच घरचं आहे. मी कधी नाही म्हटलं? न्या. पण हे हातात देत नसतात. नदीत देतात. आता नदी नाही, मैदान आहे. नौशीन उभी आहे. तिच्या पुढे जा आणि न्या.” झाकण तिनं टाकीवरून काढून आपल्या मुठीत घेतलं. “तुमच्या बाबांनी असंच दिलं होतं. हसत दिलं होतं.”

लोकांना तेच पाहिजे होतं. शिट्ट्या वाजल्या. प्रेमराजभाऊंनी एकदा नौशीनकडे पाहिलं, एकदा तिच्या ठिगळाच्या गाडीकडे, आणि एकदा मोबाइल उंचावून उभ्या असलेल्या लोकांकडे. “का नाही,” ते म्हणाले. “मैत्रीपूर्ण फेरी होऊन जाऊ द्या.”

त्यांचा माणूस सवयीनं पुढे झाला आणि किकवर पाय ठेवायला लागला. भाभी म्हणाली, “नवलशेठ स्वतः मारायचे किक.”

माणूस मागे सरला. प्रेमराजभाऊ गाडीवर बसले. पांढरा कडक कुर्ता, नवे बूट. जावाची किक आणि गिअर एकाच दांडीवर असतात; ती दांडी उभी करायला त्यांना माणसाकडे बघावं लागलं. मग बुटाला डाग नको म्हणून म्हणा किंवा पाय मुरगळेल म्हणून म्हणा, त्यांनी किक मारली ती अर्धी. गाडी हिसका देऊन चालू झाली. टाळ्या पडल्या.

मी ऐकलं. इंजिन खोकत होतं.

मला सांगता आलं असतं. मी जवळच उभा होतो. पण माझ्या खऱ्याचं काय होतं ते आताच पाहिलं होतं, म्हणून मी हात पाठीमागे बांधून गप्प राहिलो. नौशीननं आजोबांच्या गाडीवरून माझ्याकडे वळून पाहिलं. तिनंही ऐकलं होतं. मग तिनं मान वळवून झेंड्याकडे पाहिलं.

झेंडा पडला. नौशीन सुटली, धुळीची रेघ मारत. प्रेमराजभाऊही सुटले. मागे. त्यांना वाटलं गाडी अडली, म्हणून त्यांनी आणखी पिळलं, आणि जेवढं पिळलं तेवढ्या जोरात ते मागे गेले. तोंड पुढे, चेहऱ्यावर जिंकायचा भाव, आणि गाडी थेट फ्लेक्सकडे. बांबू मोडले. फ्लेक्स टरकन फाटला, गाडी त्यात गुंडाळून बंद पडली, आणि नवलशेठच्या गॉगलच्या डाव्या काचेतून प्रेमराजभाऊंचं डोकं बाहेर आलं. लागलं काही नाही. बूट मात्र खराब झाले.

मैदान हसायचंही विसरलं. मग मागून कोणीतरी म्हणालं, “झिपरू आबा, हाई तं खरंच उलटी चालस, भो.”

 

नौशीन चुन्याची पूर्ण फेरी मारून आली. घाई केली नाही तिनं. एकटीच होती, तरी वळणावर ब्रेक लावला नाही. गाडी उभी केली, ओढणी काढली आणि मैदानाच्या मधोमध जमिनीवर पसरली. तिचे आजोबा रुमाल पसरायचे तशी, चारही टोकांवर दगड ठेवून.

प्रेमराजभाऊ कुर्ता झटकत आले. “तांत्रिक बिघाड झाला,” ते म्हणाले. “ही फेरी धरली जाणार नाही.” माइक त्यांच्या हातात नव्हता, तो फ्लेक्सखाली गेला होता. त्यामुळे पहिल्यांदाच त्यांचा आवाज साध्या माणसाएवढा आला, आणि ऐकायला कोणी थांबलं नाही. लोक ओढणीकडे बघत होते. ती रिकामी होती. भाभी तिच्या काठाशी उभी, मुठीत झाकण.

तेव्हा भिकन नाना खुर्चीवरून उठला. शाल काढली, घडी घातली, खुर्चीवर ठेवली. गुडघे धरत धरत ओढणीपर्यंत आला आणि रिकामे हात पुढे करून उभा राहिला.

“भाभी,” तो म्हणाला, “मन्हं झाकन आजून तुमनाच घर शे ना? वाटोळं, एका बाजूनं चेपायेल?”

“आहे,” भाभी म्हणाली. “डाळीच्या डब्यावर.”

“त्या साली मी हारनू व्हतू. अमीन मिस्तरी जिकना. नवलशेठ बी हारना, आम्ही बठ्ठा हारनूत.” मग मान वळवून माझ्याकडे बोट केलं. “आनि हाऊ तं शेवटला व्हता.”

“ते मी आधीच सांगितलंय,” मी म्हटलं.

मग पलीकडची एक शाल उतरली. मग आणखी एक. ओढणीभोवती म्हातारे जमले, आणि जो तो आपण कसा हरलो ते सांगायला लागला. कोणाची चेन तुटली होती, कोणी बुलेट काढायला बैल आणले होते. इतकी वर्षं ज्या गॅरेजच्या रस्त्यानं जायला लाजत होते, त्याच गॅरेजच्या मिस्तरीचं नाव पुन्हा पुन्हा घेत होते. भाभी फक्त तोंडाला पदर लावून प्रत्येकाचं ऐकत होती, लग्नात आहेर घेणारी ऐकते तशी.

आता तुम्ही म्हणाल, फ्लेक्सवर नाव आलं असेल. कशाला येईल? आठवड्यात धुळ्याहून नवा फ्लेक्स आला. त्यावर ओळ बदलली होती: ‘गिरणा शर्यतीच्या अखेरच्या विजेत्यांपैकी एक’. विजेत्यांपैकी एक! मी हे वाचून दोन दिवस जेवलो नाही, म्हणजे सकाळचं जेवलो, संध्याकाळचं नाही. एका शर्यतीत विजेते किती असतात? आणि शर्यतीचे अध्यक्ष अजून प्रेमराजभाऊच आहेत, गाडीचे पैकीच्या पैकी गुणही तसेच. परीक्षकानं झाकणापुरता अर्धा गुण कापल्याचं ऐकतो, त्यावर त्यांनी अपील केलंय.

पण भाभीनं तोरण पुन्हा बांधलंय. नौशीननं नवी तार आणून दिली. अमीनच्या बंद गॅरेजच्या दाराला ते लागलंय, नवलशेठचं झाकण बरोबर मध्यभागी. फोडणीचं तेल आता भाभी अंदाजानं घालते. भिकन नाना रोज सकाळी त्याच रस्त्यानं फिरायला जातो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला आपलं चेपलेलं झाकण दाखवतो. माझं मात्र तोरणात नाही. भाभी म्हणाली, पावसाळा तोंडावर आलाय, मीठ ओलं होईल.

पारावर लोक रोज तीच गोष्ट मागतात. मी सांगतो की प्रेमराजभाऊ फ्लेक्स फाडून थांबले नाहीत, तसेच उलटे नदीत उतरले, खड्डे ओलांडून पलीकडे निघाले आणि पाचोऱ्याच्या फाटकाशी त्यांना रेल्वेनं वाट दिली. हे सांगताना माझा हात मिशीवर असतो.

अमीन जिंकला होता. हे सांगताना माझे दोन्ही हात मांडीवर असतात. आणि हल्ली कोणी उठून जात नाही.